भरतीचे भाग

कुशिरोच्या डायलिसिस वॉर्डात
खिडकीकडची खाट माझी, भिंतीकडची कांबेची.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
चार तास रक्त बाहेर हिंडून परत येतं
आणि आम्ही दोघं पडल्या पडल्या ॲनिमे बघतो.
दोघांचं मिळून वय एकशे सेहेचाळीस.

कांबे बारा भागांचा माणूस.
सुरुवातीचं गाणं गाळलं, शेवटचं गाळलं,
की एक भाग वीस मिनिटांचा.
बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस.
सुई टोचली की पहिला, निघते तेव्हा बारावा.
मग चष्मा पुसून तो म्हणतो,
"झालं. आटोपशीर."
जसा काही मासा साफ करून बर्फात ठेवला.
चाळीस वर्षं बाजारात त्याने तेच केलं.

माझं चऱ्हाट वेगळं.
एक पोस्टमन पोरगा, एक पत्र,
आणि बेटांमागून बेटं.
नऊशे चाळीस भाग झाले, पत्र अजून पिशवीतच.
दर रविवारी आणखी एकाची भर.
मी एका बैठकीला दोनच बघतो,
उरलेल्या वेळात खिडकीतलं धुकं.
हिरुमा नर्सने एकदा पेनाने तळहातावर गणित मांडलं,
नऊशे चाळीस भागिले सहा,
आणि उत्तर न सांगताच हात धुतले.

"ओनोदेरा," कांबे म्हणायचा, "या वयात
असलं काही सुरू करणारा माणूस
एकतर आशावादी, नाहीतर हिशेबात कच्चा."
मी म्हणायचो, दोन्ही.
"आणि अर्धी तर नुसती भरती आहे त्यात!"

आहेच.
मागच्या महिन्यात पोरगा सर्दीने आडवा झाला,
नूडल्सच्या दुकानाच्या माळ्यावर, सहा भाग.
दुकानदारीण आलं उकळून देते.
एक मांजर येतं, जातं.
कोणी मरत नाही, कोणाचं गुपित फुटत नाही.
पिशवी खुंटीला.

कांबेला कधी सांगितलं नाही,
पण त्या सहांसाठीच मी बाकीचे बघतो.
एकतीस वर्षं बर्फ सारायची गाडी चालवली मी.
रात्री साफ केलेला रस्ता सकाळी पुन्हा पांढरा.
त्यातली मोठी वादळं लोकांना पाठ आहेत, तारखांसकट.
मला आठवतो तो कुठलातरी मंगळवार,
वायपर गोठलेला,
आणि शेजारच्या सीटवरच्या मुरोईने
भाजलेल्या रताळ्याचा मोठा अर्धा
काही न बोलता माझ्याकडे सरकवलेला.

नोव्हेंबरात, अकराव्या भागात,
कांबेचं मशीन ओरडलं.
बीपी कोसळलं, पाय वर, धावपळ.
पुढच्या आठवड्यात मुलगी आली
आणि त्याला ओबिहिरोला घेऊन गेली.
निघताना म्हणाला, "बारावा राहिलाय. राहू दे.
तू बघ ती. पहिल्यापासून, एका दमात.
माणसासारखी."

बघितली.
दोन बहिणी, गावोगाव पियानो जुळवत फिरणाऱ्या.
एक शब्द जास्त नाही, एक खिडकी उगाच उघडत नाही.
नवव्या भागात माझं असं काही झालं
की हिरुमा बीपी बघायला धावली.
कांबे, तुझं खरं होतं.
इतकं खरं, की सुई निघाल्यावर
मी कापूस दाबून बसून राहिलो,
आणि शुक्रवारसाठी हातात काहीच नव्हतं.

रात्री फोन केला.
"शेवट सांगू नकोस," तो आधीच ओरडला,
"मी अजून बघितला नाही."
महिना झाला होता.
तुझ्याच्याने राहवतं कसं, मी विचारलं.
पलीकडे खोकला, मग चहाचा घोट.
"असू दे की एक शिल्लक."

मग जरा थांबून,
नको असल्यासारखं विचारलं,
"तो पोस्टमन?"
"अजून माळ्यावर. नाक गळतंय."
"बरं आहे," कांबे म्हणाला.
"बाहेर थंडी आहे. घाई करू नकोस म्हणावं त्याला."