पहिला नग

भोसरीत असताना सोपं होतं.
ब्रेकचा एक ड्रम: त्याचं बीड, त्याची मजुरी, वीज,
वर शेकडा आठ धरायचे आणि नगाला भाव लिहायचा.
एकोणीस वर्षं मी तेच केलं.

इथे म्हात्रे पुलाजवळ, टाइल्सच्या दुकानाच्या वर,
तिसऱ्या मजल्यावर नग दिसतच नाही.
मुलं म्हणतात, मॅडम, पहिला नग अकरा कोटींचा,
दुसरा फुकट.
मी चष्मा पुसला. परत विचारलं.
तेच उत्तर.

पहिला गेम साकेत आणि वेदवतीने दोघांतच केला होता,
एका खोलीत, चार महिन्यांत.
एक लिंबू उड्या मारत मिरच्या चुकवायचं.
त्या लिंबाने पाच वर्षं जागेचं भाडं भरलं.
आता बेचाळीस माणसं, तिसरं वर्ष,
आणि एक मुलगी, जी रात्रभर नदीकाठाने
संगमापासून विठ्ठलवाडीपर्यंत भावाला शोधते.
गिऱ्हाईक म्हणतं,
दिवाळीत निम्म्याला मिळेल, थांबतो.

नदीचं मात्र मला नवल वाटलं.
स्वच्छ पाणी स्वस्त पडतं, तयार मिळतं,
आठ हजारांत अख्खा समुद्र.
महाग पडते ती मुठा.
फेस वेगळा, फेसावरचा दिव्याचा पिवळा वेगळा,
जलपर्णी, थर्माकोल,
पुलाच्या जाळीवरून भिरकावलेली निर्माल्याची पिशवी,
प्रत्येकाला एक माणूस, माणसाला एक मशीन,
मशीनला एसी.
खरी नदी घाण करायला
एवढा खर्च आला नसेल कुणाला.

मार्चमध्ये पैसे घालणारे बंगळुरूहून आले.
किती खपले तर सुटतो?
चार लाख, मी म्हटलं.
कुणीच काही बोललं नाही. डीपी रोडच्या लॉनवरून
कुणाच्या तरी वरातीचा डीजे काचेवर धडकत होता.
मग त्यातला एक म्हणाला, पाणी स्वच्छ करून टाका ना.
वेदवती हसली नाही.

लाल पेन माझ्याकडे आलं.
धुकं काढलं. तीन बोळ काढले.
कुत्र्याचं दुसऱ्यांदा भुंकणं काढलं.
ओळ दोनशे बारा: पक्षी, सहा आठवडे,
कथेशी संबंध नाही.
काढला.
इरफान बागवान टेबलापाशी येऊन एवढंच बोलला,
तिथे बगळा लिहिलंय मॅडम. तो वंचक आहे.

मे अखेरीस एका शुक्रवारी सगळ्यांना खेळायला बसवलं,
मलाही.
माझी मुलगी भिंतींना धडकत गेली,
एका पुलाखाली अडकून पडली,
आणि तिथे, जलपर्णीच्या गादीवर, मान आखडून,
चिखलाच्या रंगाचा
तो उभा.

हजेरीत एक तास सापडला नाही.
वॉचमनच्या वहीत सापडले.
बागवान, बाहेर २.४०.
बागवान, बाहेर ३.१०.
एकतीस रात्री.

यंत्राचा घसारा धरायला मी शिकले आहे.
डोळ्यांचा कुठे लिहितात?
ताळेबंद आजवर इतका गोड जुळायचा,
कारण ही वही खाली खुर्चीवर पडलेली असायची
आणि मी वर.

लिहिलं मी. ओळ दोनशे बारा, परत.
छप्पन हजार.
म्हणजे आणखी दोनशे चार नग.
साकेत म्हणेल, मॅडम, आधीच चार लाख.
म्हणू दे.
परवडेल का, मला माहीत नाही. भोसरीत असते
तर सांगितलं असतं.

नऊ वाजले. मुलगी अजून पुलाखालीच.
मी बाण इकडेतिकडे दाबत होते,
वंचक उडेल म्हणून वाट बघत होते,
वाटलं, आपण जवळ गेलो की उडतात ते,
पंख उघडले की एकदम पांढरेशुभ्र.

तो हलला नाही.
उडणं यादीत नव्हतंच कधी.
जिन्यात किल्ल्या वाजल्या.
म्हटलं, थांबा हो जरा, दोन मिनिटं.