कुठल्या नंबरचा

ससूनमध्ये डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली
आणि म्हणाले, सांधा झिजलाय, आजोबा.
दादांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघत राहिले.
"कुठल्या नंबरचा?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांना कळलं नाही.

घोरपडीच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं
खटके ओळीनं उभे होते त्यांच्यासमोर:
तांबडे सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे.
उघड्या हातानं धरायचे नाहीत, घामानं गंज चढतो.
फडकं गुंडाळायचं, उजवा पाय रोवायचा,
सगळं अंग मागं टाकायचं,
तेव्हा कुठं तिकडं अंधारात
लोखंडाची जीभ सरकून रुळाला टेकायची.
मध्ये खडा अडकला तर खटका बसत नसे,
मग कंदील घेऊन खाली उतरायचं, पावसात, थंडीत, तापात.

पुण्याहून सुटलेली गाडी त्यांच्यापाशी येऊन ठरवायची,
नाही, गाडी काही ठरवत नाही.
सरळ गेली तर हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, पुढं दौंड.
उजवीकडं वळली तर फुरसुंगी, जेजुरी, नीरा, थेट मिरज.
भाजी कमी पडली की ही नावं
ते तोंडी लावायला घ्यायचे.

आम्ही भावंडं भांडलो की सांगायचे,
"एकीला वाट दिली की दुसरीचा खटका आपोआप अडकतो.
नाही म्हणतं ते लोखंड म्हणतं. मी नाही."
शाळेची फी एकाचीच भरता आली त्या वर्षीही
हेच म्हणाले. मला तेव्हा लोखंडाचा राग आला.

हौसाक्काला मिरजेला दिली.
पाठवणीच्या संध्याकाळी दादांची ड्यूटी होती.
बदली मिळाली असती, मागितली नाही.
फलाटावर आई, आत्या, पितळी डबे, माझ्या पायातली एकच चप्पल.
गाडी हलली तशी आत्या म्हणाली,
"बापाला एवढंही जमलं नाही."

अक्का मात्र पुढं कित्येक वर्षांनी बोलली:
"केबिनच्या खिडकीत दिसले गं. हिरवी झेंडी धरून.
मी हात केला, तोवर पाठमोरे झालेले."

गाडी गेली की खटका जागेवर ठेवायचा असतो.
मागून दौंडची येत असते.

"बदलता येईल सांधा," डॉक्टर म्हणाले.
"आणि तोवर गाड्या कुठून काढणार?"
डॉक्टर हसले. दादा हसले नाहीत.

आता तिथं केबिन नाही.
सगळं कुठल्याशा गार खोलीत पडद्यावर चालतं म्हणे,
बोटानं. दादांना ते पटतं, फक्त विचारतात,
"खडा अडकला तर उतरतं कोण?"

क्वार्टर्सपाशी रिक्षा थांबली.
मी हात पुढं केला, तो त्यांनी बघितला नसावा.
खिशातून रुमाल काढला,
रिक्षाच्या दांड्याला नीट दोन वेढे दिले,
उजवा पाय रोवला, दुखरा,
आणि ओढलं.