चुना वाळेपर्यंत

सोमवारी पहाटे कुलूप काढायला गेले
तर फाटकाच्या गजांत कागद खोचलेले,
सुरळ्या, घड्या, एक तर लॅमिनेशन केलेला.
लग्नाचे दाखले.
आमच्याच चर्चचे, आमच्याच शिक्क्याचे.
एकावर बॉलपेननं लिहिलेलं :
'परत घ्या. आमच्याही वेळी आईबाप नव्हते.'

मी दीनाबाई वाघचौरे. झाडलोट, घंटा, बाकं पुसणं,
नाताळात तारा टांगणं, मयताला चटया घालणं.
कमिटीत माझं नाव नाही.
पत्र कुणाच्या डोक्यातून निघालं, मला विचारू नका.

एवढं ठाऊक : कलेक्टर कचेरीवर मोर्चा गेला,
'आईबापाच्या सहीबिगर लग्नाची नोंद नको' म्हणत,
आणि निवेदनांच्या ढिगात
एक पत्र आमच्या लेटरहेडवर होतं.
वर वधस्तंभ, खाली पाळकसाहेबांची झोकदार सही.
पेपरात फोटो आला.
हळदीच्या पेठेत हमालसुद्धा विचारायला लागले,
'दीनामावशी, तुमचा देव आता कुठल्या पार्टीत?'
मी म्हटलं, पोतं उचल, खांदा उतरेल.

रविवारी दानाच्या पिशवीत
नाण्यांपेक्षा चिठ्ठ्या जास्त.
'मंडळीच्या यादीतून माझं नाव काढा. सुवार्ता.'
पेटीवर बसायची ती. त्या दिवशी गीत
म्हाताऱ्यांनीच ओढत नेलं,
बैल बसलेल्या गाडीसारखं.
तिनं बागवानांच्या तौसीफबरोबर नोटीस लावलीय
हे आख्ख्या खणभागाला माहीत.
पत्र तिच्यापायीच लिहिलं म्हणतात.
लोक काय, म्हणतातच.

मग रात्री कुणीतरी दगड मारला.
काच फुटली ती एस्तेरबाईंनी
पेन्शनच्या पैशातून बसवलेली,
आणि कमिटीत त्या पत्राविरुद्ध
एकटा हात वर गेला होता तो एस्तेरबाईंचा.
दगडाला कुठं ठाऊक असतं.
सकाळी त्या आल्या, काचा वेचल्या माझ्याबरोबर,
बोट कापलं तर म्हणाल्या, 'राहू दे, थोडंच आहे.'

कंपाउंडच्या भिंतीवर पुराची रेघ आहे.
पाणी उतरलं तेव्हा खिळ्यानं मीच कोरलेली,
माझ्या खांद्याएवढी.
आठव्या पायरीला थांबली होती कृष्णा.
वर आत एक्क्याण्णव माणसं, तीन शेळ्या,
वेदीजवळ एक बाळंतीण,
आणि एका पातेल्यातला भात.
कोण कुणाची बायको, कोण कुणाबरोबर पळून आलेली,
विचारायला अंधारात दिसतंय कुणाला.
दर वर्षी भिंत रंगवते, तेवढी रेघ सोडते.

त्याच रेघेखाली आता गेरूची अक्षरं :
'पाण्यानं सही मागितली नव्हती.'

पाळकसाहेब म्हणाले, 'आत्ताच्या आत्ता पुसून टाक.'
चुना भिजवला. तो फसफसत होता तोवर
दाखले ठेवायला नोंदवहीचं कपाट उघडलं.
वही नव्वद सालची हाताला लागली,
मुद्दाम नाही काढली.
माझं पान. 'वधूचा पिता' या रकान्यात
जुन्या पाळकांची सही, थरथरत्या हाताची.
माझा बाप त्या दिवशी कवठ्यात
दारात कुऱ्हाड घेऊन बसलेला.
म्हातारे म्हणाले होते,
'रकाना रिकामा दिसायला नको, पोरी.'

वही बंद केली. कुणाला दाखवली नाही.
दाखवून काय, सगळ्यांना वाचता येतं.

कुंचला मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.
चुना ओला असतो तोवर काही झाकत नाही,
खालचं उलट ठळक होतं.
साहेब छत्री काखेत धरून मागं उभे.
'अजून दिसतंय.'
वाळू द्या की, मी म्हटलं.

ते थांबले.
फाटकाबाहेर चार माणसं थांबली.
सगळे मिळून भिंतीकडं बघत राहिलो,
आणि ऊन काही त्या दिवशी
पडायचं नाव घेईना.