दहा ते अकरा

दहाला पाच कमी असताना
मी गिरणीचा पट्टा उतरवते.
जातं लगेच थांबत नाही,
आपल्याच वजनानं चार-दोन फेरे घेतं,
मग गल्लीतली कोंबडीसुद्धा ऐकू येते.

चेतना वजनकाट्यावर फोन उभा करते.
काटा दोनशे ग्रॅमच्या आसपास थरथरतो.
घरात पत्र्याखाली रेंज नाही.
रेंज फक्त इथं, काट्यापाशी,
आणि तीही खिडकीच्या गजाला डोकं टेकलं तर.
फोन तिच्या बापानं सुरतेहून पाठवलेला,
ट्रकवाल्याच्या हाती, पारोळ्याच्या फाट्यापर्यंत,
जुन्या बनियनात गुंडाळून.
आत चिठ्ठी नव्हती.
चार्जर होता.

बोरसे सर आडात पडल्यासारखे बोलतात.
मधेच त्यांचं तोंड उघडं राहतं,
आणि आवाज नंतर येतो, लंगडत.
'पालकांनी शेजारी बसावं,' असा निरोप आहे,
म्हणून मी बसते पोत्यावर,
आठवीत सुटलेली, हात मांडीखाली घेऊन.
काल सर म्हणाले, गृहपाठाचा फोटो धूसर येतो, कॅमेरा पुसा.
मी पदरानं पुसला.
पदरात त्याहून जास्त पीठ.

बाहेर चेतनानंच खडूनं गोल काढलेत.
गोलांत डबे उभे, अंतर राखून,
आणि बाया सगळ्या एका निंबाखाली, खांद्याला खांदा.
दादरचा डबा, बाजरीचा डबा, कळण्याचं दळण.
भादव्याचं ऊन पत्र्याच्या झाकणांवर तडतडतं.
कुणी नवीन आलं की झेलामाय हात वर करते,
'थांब व माय, पोरनी शाया चालू शे.'

त्या दिवशी अपूर्णांक होते.
वर तीन, खाली चार, मधे रेघ.
सरांनी विचारलं, याला आपल्या भाषेत काय म्हणतात?
बत्तीस पोरांचे बत्तीस चौकोन, सगळे काळे.
चेतना माझ्याकडे बघते.
मी काट्याकडे.
माझ्या हाताला माहीत होतं, जिभेला नाही.

'पाऊण!' खिडकीतून आवाज आला,
'तीन पाव, इतलं बी नही समजत?'

कोण बोललं? सरांनी विचारलं.
चेतनाचे कान लाल.
'सर... दळणवाल्या आजी.'
थोडा वेळ नुसती खरखर.
रेंज गेली की सर हसत होते, कळलं नाही.
मग म्हणाले, आजींचं बरोबर आहे.
पाऊण आणि पाव मिळून किती, ते पण आजींना विचारा.

दुसऱ्या दिवसापासून बाया दहालाच यायला लागल्या.
आधी म्हणायच्या, अकरानंतर गर्दी नको गं.
आता गर्दी दहाची.
मी रागावले एकदा,
शाळा काय तमाशा आहे का, पोरगी बुजते.
पण पोरगीच म्हणाली, राहू दे ना आई,
त्या आल्या की मला झोप येत नाही.

सातव्या की आठव्या दिवशी
सगळ्यांचं दळण झालं, ऊन डोक्यावर आलं,
झेलामायचा डबा एकटाच गोलात.
मी उचलायला गेले
आणि हात झटकन वर आला, तोल गेला.
रिकामा.
झाकण घट्ट लावलेलं, वरून फडकं बांधलेलं,
जसं भरल्या डब्याला बांधतात.
मी तसाच खाली ठेवला, सावकाश,
जड असल्यासारखा.
ती निंबाखालून बघत होती.
म्हणाले, 'माय, लाईट कमी येतेय आज. उद्या दळू का?'
'उद्या दळ,' ती म्हणाली. 'माले काय घाई नही.'

आता शाळा भरते.
चेतना सकाळी वेणी घालून जाते, मागे वळून बघत नाही, बरं आहे.
दहाला गिरणी चालूच असते.
काट्यावर नुसती धूळ, काटा शून्यावर.
खडूचे गोल पावलांनी पुसले, एक अर्धा राहिला आहे,
अर्धाही नाही म्हणा,
पाऊण.
त्यात रोज दहाला एक डबा येऊन बसतो.
मी विचारत नाही.
संध्याकाळी पोरीला विचारते, आज काय शिकवलं,
आणि सकाळी पट्टा चढवायच्या आधी
निंबाखाली जाऊन सांगून येते.