अर्ध्या पेडलवर

याकूब कोकणीसमोर ती कधीच मिसिंग करत नाही.
वडाळा नाक्यावर बॉनेट उघडायचं,
हेराल्डचं बॉनेट म्हणजे अख्खं तोंडच पुढे कलंडतं, मडगार्डांसकट,
आणि आत इंजिन शिवणयंत्रासारखं एकसुरात.
"दोंदे मॅडम, हिला काही झालेलं नाही."
परतताना बोधलेनगरपाशी
ठक्.
एक ठोका गाळून
पुन्हा शहाणी.

प्लग बदलले. पॉइंट घासले, मग नवेच टाकले.
कॉन्डेन्सर बदलला, दोनदा,
कारण हल्लीचे डबीतूनच मेलेले येतात म्हणे.
कार्बोरेटर रात्रभर रॉकेलच्या ताटलीत.
एका अमावास्येला गॅरेजचे दिवे घालवून
तारांवर पाणी शिंपडलं,
कुठे निळी ठिणगी गळते का बघत
मी, याकूब, त्याचा भाचा जुबेर.
कुठेच काही गळत नव्हतं.
शेजारचे धात्रक म्हणाले, विका,
अजून चाळीसेक हजार येतील.

मी एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
पोस्टाच्या तिकिटांचे ताव तपासले.
शंभर ताव बरे निघाले की डोळा सुस्तावतो,
आणि एकशे एकाव्यात शाई केसभर सरकलेली असते.
रोज येणारी चूक कुणीही पकडतं.
कधीतरी येणाऱ्या चुकीसाठी
बायका पगारावर ठेवाव्या लागतात.

तेव्हा वही घातली.
मंगळवार. सातपूर ओलांडून, चढ, तिसरा गिअर: नाही.
मंगळवार. महिरावणी, सपाट, चौथा: चार वेळा.
गुरुवार. सिग्नलला उभी: नाही.
गुरुवार. ट्रकला मागे टाकताना, पाय पुरता दाबून: नाही.
पाय जरा उचलला: ठक्. ठक्‌ठक्.
रविवार. अंजनेरीच्या पायथ्याशी कणीस खाल्लं.
(संबंध नाही, पण लिहिलंय.)

अठराव्या पानावर उभी रेघ मारून बेरजा केल्या.
ऊन नाही, पेट्रोल नाही, खड्डे नाहीत.
उभी असताना नीट,
जीव तोडून पळताना नीट.
फक्त अर्ध्या पेडलवर,
तिच्याकडे कुणी काही मागत नसतं
तेव्हा चुकते.

याकूबनं चष्मा लावून वही वाचली,
कणसासकट.
बोलला काही नाही. इंजिन चालू ठेवून
कार्बोरेटरकडून डेल्कोची बारीक नळी उपटली,
शर्टाला पुसली, तोंडात धरली
आणि उसाचा रस ओढावा तसा श्वास ओढला.

ठक्.

सोडला: सुरळीत.
ओढला: ठक्‌ठक्.
जुबेरला हसू फुटलं, मग मला.
चार महिने जिच्या मागे होतो
ती एका घोटाच्या अंतरावर.

डेल्कोच्या आत एक पाटी असते, अर्ध्या पेडलला जरा वळते.
तिच्यासोबत वळणारी तार, बोटाएवढीही नाही.
वरचं कापडी वेष्टण अखंड,
आत तांबं तुटून
टोकाला टोक टेकवून उभं.
पाटी वळली की सुटायचं,
परतली की जुळायचं.
मीटर लावलं असतं तर मीटरही म्हणालं असतं, ठीक आहे.

नव्या तारेचे चाळीस रुपये घेतले त्याने.
दुखणं शोधल्याचे घेईना.
"ते तुमच्या वहीनं शोधलं."

प्रेसमध्ये चुकलेला ताव
मोजायचा, सही करायची, भट्टीत.
एकतीस वर्षांत एकही चूक मी घरी आणली नाही.
ही आणली. खिडकीत ठेवलीय.
धात्रक विचारतात, हे काय?
तार आहे, म्हणते.
वाकवून बघा.