तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

लिफ्ट एकोणीस दिवस बंद होती.
पार्ट येणार, पार्ट येतोय, पार्ट निघाला,
असं सेक्रेटरी पाटकर फळ्यावर लिहायचे
आणि खालची तारीख पुसून नवी टाकायचे.

आम्ही पाचव्यावर. मजल्याला अठरा पायऱ्या,
म्हणजे नव्वद. हे मला ठाऊक नव्हतं.
ऐरोलीत बारा वर्षं राहून
मी माझ्याच घराची उंची मोजली नव्हती.

पहिल्या दिवशी दुसऱ्याच मजल्यावर
कानात ढोल वाजायला लागले.
वय त्रेचाळीस. हातात दुधी, कोथिंबीर, लॅपटॉप.
मागे अकरा वर्षांचा निहार,
दप्तर कठड्याला टेकवून उभा,
तोंड उघडं, खाडीबाहेर काढलेल्या बोईटासारखं.
आणि आम्हा दोघांच्या मधून
"सरक गो, सरक" म्हणत
चौथ्यावरच्या मढवी काकू निघून गेल्या,
सदुसष्टाव्या वर्षी, डोक्यावर पाटी,
पाटीत जिताडा,
पायात काही नाही.
वरून ओरडल्या,
"चिखलान चाललीस कदी? मंग?"

घरात पेशंट एकच, असं आम्ही धरून चाललो होतो:
अप्पा. उजव्या गुडघ्यात नवा सांधा,
फिजिओवाल्या फरहीनने आखून दिलेला तक्ता
फ्रिजवर चुंबकाने लावलेला,
आणि न केलेल्या प्रत्येक व्यायामापुढे
अप्पांनी इमानाने केलेली बरोबरची खूण.

चौथ्या दिवशी कुणीतरी
तिसऱ्याच्या वळणावर खुर्ची आणून ठेवली.
प्लास्टिकची, निळी, एक हात तुटका.
कुणी, ते अजून कळलेलं नाही.
"बघून येतो," अप्पा म्हणाले,
नवं दुकान उघडलंय म्हटल्यावर जावं तसे.
चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी,
हे फरहीनचं वाक्य जपासारखं पुटपुटत
छत्तीस पायऱ्या. बावीस मिनिटं.
मी त्यांच्यापुढे एक पायरी खाली,
उलटी, दोन्ही हात पसरून,
निहार चालायला शिकला तेव्हा चालायचे तशी.

तिथल्या खिडकीतून खाडी दिसते.
विजेचे मनोरे, तिवरं,
आणि दूर चिखलावर पुसट गुलाबी काहीतरी,
ज्याला अप्पा रोहित म्हणत आणि निहार फ्लेमिंगो.
वाद घालायला निहार रोज थांबू लागला,
मग पुरावा म्हणून वर धावत जाऊन दुर्बीण आणू लागला,
मग दुर्बीण विसरून नुसताच धावू लागला.
सातव्यावरचे नायर, ज्यांना मी बारा वर्षं
फक्त लिफ्टच्या आरशात पाहिलं होतं,
त्यांनाही पाठीचं दुखणं आहे, दोन मुली आहेत,
आणि खुर्चीपाशी थांबून शीळ घालायची सवय.
माझे ढोल दहाव्या दिवशी
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर सरकले.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
तक्त्यावर मात्र एक खूण केली,
अप्पांच्या रकान्यात, पेन्सिलने.

विसाव्या दिवशी लिफ्ट सुरू झाली.
पाटकरांनी नारळ फोडला
आणि खोबरं वाटायला
मजल्यामजल्यावर लिफ्टनेच फिरले.

मीही परतले लिफ्टकडे, खोटं कशाला बोलू.
आज ऑफिसहून येताना एकटीच होते.
तिसऱ्यावर दार उघडलं, कुणी बोलावलेलं नसताना.
खुर्ची रिकामी.
खुर्चीत अप्पांची माकडटोपी.

छातीत खड्डा पडला.
मग ऐकू आलं, खालून, बरंच खालून:
काठीचा ठोका. काही नाही. ठोका.
आणि मढवी काकूंचा आवाज,
"दुखरा पयला टाक, अप्पा, पयला!"

दार मिटायला लागलं.
मी पाय आडवा घातला.
कुठला, ते बघितलं नाही.