स्लाऊमधला सातबारा

आमच्या रस्त्याच्या टोकाला ढग आहे.
खिडकी एकही नाही त्याला. राखाडी पत्रा, तारेचं कुंपण,
रात्रंदिवस घरघर,
गिरणी चालू आणि पीठ कुठेच नाही, अशी.
शेजारच्या पेनफोल्डने त्याच जागी
बावीस वर्षं पंखे जोडले.
आता म्हणतो, आत नुसते पंखेच असतील,
जोडणारं कोणी नाही.

आप्पा तलाठी होते, अकोले तालुक्यात.
न ऐकताच शाई लावलेला अंगठा पुढे आला
की मनगट धरायचे :
आधी ऐक, मग उमटव.

मी त्याच अंगठ्याने
एक्क्याऐंशी नंबरच्या बसची वाट बघत
एक्केचाळीस पानांना 'सहमत' म्हटलं.
बस आली तेव्हा दुसऱ्या पानावर होते.

खोटं कशाला बोलू, सुख होतं.
फोन कॅनॉलमध्ये पडला,
संध्याकाळी नव्या फोनात सगळं जसंच्या तसं :
ईशानच्या लशींचे कागद, विजेची बिलं,
आप्पांचे त्रेसष्ट निरोप.
'पोचलीस का.' 'भोपळ्याला फुलं आलीत.'
एकात नुसतं खोकणं, आणि मग
'हे चालू आहे का बंद?'

मार्चमध्ये दार लागलं.
तुमची ओळख पटत नाही.
जुना नंबर मी कधीच सोडला होता,
आता तो कुणा दुसऱ्याच्या खिशात वाजतो.
पासपोर्ट पाठवला, कौन्सिलचं पत्र पाठवलं,
यंत्राने दर वेळी मनापासून आभार मानले.

माझ्या उंबऱ्यापासून कुंपणापर्यंत
सातशे चाळीस पावलं.
मोजली, दुसरं काय करणार.
निरोप इथेच असतील असंही नाही,
डब्लिनला असतील, कुठेही.
गट नंबर नाही, चतुःसीमा नाही,
खातेदाराच्या रकान्यात कोणाचं नाव
आणि मी कोण,
कूळ तरी आहे का?

विसाव्या दिवशी दार उघडलं.
का लागलं होतं, कोणी बोललं नाही.
मी हाय स्ट्रीटवरून डिस्क आणली,
दोन रात्री उतरवून घेत बसले.
आता ती शॉर्टब्रेडच्या डब्यात,
सुईदोऱ्याशेजारी. तळहाताएवढी.
माझी आहे, म्हणजे
पडेल तर माझ्या हातून पडेल.
ईशान डब्याला हात लावतो तर अंगावर ओरडते.

वहीत फेरफार लिहिला :
तारीख, निरोप त्रेसष्ट, ताबा मिळाला.

आणि काल रात्री
एक प्रत परत ढगात चढवली.
आप्पा चिडले असते.
किंवा नसते. तेही दप्तराची नक्कल
तालुक्याला पाठवायचेच,
फक्त पोच हातात पडल्याशिवाय
कचेरीची पायरी उतरत नसत.

पेनफोल्ड कुत्रं फिरवून परत येतोय.
विचारतो, एवढ्या थंडीत
फाटकाशी का उभी?